कॅसेट नंबर १८७

आमच्या घरातलं गाणं एकदम मोठं झालं की शेजारच्या वर्माभाभी आपल्या स्वयंपाकघराची खिडकी लावून घेत. आत मार चालू आहे हे त्यांना कळायचं, सगळ्या कॉलनीलाच कळायचं. बाबांनी हात उचलला की आई उठायची आणि टेपरेकॉर्डरचं बटण फिरवून आवाज वाढवायची. मधे पडायची नाही, 'अहो, पुरे' म्हणायची नाही, आवाज वाढवायची. लोकांच्या कानावर जाऊ नये म्हणून. देवासच्या त्या कारखान्याच्या कॉलनीत भिंती चार बोटं जाडीच्या, इकडे कुणी शिंकलं तर तिकडून 'जीते रहो' यायचं, तिथे काय कपाळ लपणार होतं! पण आईची आपली समजूत, की गाणं चालू आहे तोवर घराची अब्रू शाबूत आहे. तिला जाऊन आता सहा वर्षं झाली. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावते.

बाबा मूळचे जळगावकडचे. कारखान्यात लेथवर लागले, पुढे सुपरवायझर झाले. दारू नाही, तंबाखू नाही, पत्ते नाहीत. एकच नाद, कॅसेटींचा. नाट्यसंगीत, अभंग, ठुमऱ्या, भावगीतं, जे चांगलं ते सगळं. इंदूरहून आणायचे, धारला मामाकडे गेलो की तिथल्या एका दुकानातून आणायचे. तो दुकानदार म्हणायचा, "भिया, आपके लिए छुपा के रखी है," आणि बाबा खूश. नवी कॅसेट घरी आली की आधी देवापुढे जायची. आई तिच्या डबीला हळदकुंकू लावायची, मग बाबा तिच्यावर नंबराची चिठ्ठी डकवायचे आणि वहीत नोंद करायचे. त्यानंतर आम्ही दोघं भावंडं, मी आणि विजूदादा, मांडी घालून समोर बसायचो. आधी कव्हरमधला कागद मोठ्याने वाचायचा: गाणारं कोण, तबल्यावर कोण, पेटीवर कोण, शब्द कुणाचे. मग गाणं. मग जेवण. पुरणपोळ्या असल्या तरी मग जेवण. तूप थिजून जायचं ताटात.

तो कागद वाचणं म्हणजे आमचा काळ. शाळा आमची हिंदी, बाहेर भाषा हिंदी नाहीतर माळवी, आणि कागदावरचं मराठी अक्षर मुंगीएवढं. दादाला जोडाक्षर अडलं, की टपली. दुसऱ्यांदा अडलं, की थप्पड. तिसऱ्यांदा अडलं की बाबा शांतपणे चष्मा काढून ठेवायचे, आणि चष्मा काढला की आई बटणाकडे सरकायची. बाबांचा तळहात पोळपाटाएवढा होता आणि लेथवर तीस वर्षं राबून तसाच कडक झाला होता. पट्ट्याने मारायचे, लाकडी फूटपट्टीने मारायचे, एकदा जेवता जेवता स्टीलचा गडू फेकून मारला, तो माझ्या भुवईवर बसला. ती खूण अजून आहे, पार्लरवाली दर वेळी विचारते, "दीदी, ये कैसे लगा?" टेपने फीत गिळली तर ज्याने शेवटचं बटण दाबलं त्याची खैर नाही. पेन्सिल घालून फीत गुंडाळताना दादाची बोटं थरथरायची, आणि थरथरली म्हणूनही मार पडायचा. मार खाऊन झाला की त्याच कॅसेटची दुसरी बाजू ऐकायची, डोळे पुसून, ताठ बसून. एवढं सगळं होऊनही मला ती गाणी आवडत. ह्याची मला पुढे कितीतरी वर्षं लाज वाटायची.

आणि वर गंमत ऐका. चारचौघांत बाबा सांगत, "आपण मुलांना आजवर बोट लावलेलं नाही. धाक वेगळा, मार वेगळा." सांगताना चेहऱ्यावर रेघ हलत नसे. मी दहा वर्षांची असल्यापासून मला ह्या माणसाकडून एकच गोष्ट हवी होती. माफी नको होती, माया नको होती. एकदा, फक्त एकदा त्यांनी म्हणावं, की हो, मी मारलं. ते म्हटलं असतं तर मला माझी भुवई खरी वाटली असती.

दादा मोठा झाला आणि घरात कॉम्प्युटर आला. कॉलेज संपवून तो स्टेशन रोडवर एका कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला लागला होता. तिथे पोरं यायची, यादी द्यायची, आणि दादा इंटरनेटवरून गाणी उतरवून सीडीत भरून द्यायचा. एका सीडीत दीडशे. पुढे तीच पोरं मोबाइलच्या चिपमध्ये भरून न्यायला लागली. बाबांना हे सगळं चोरीचं वाटायचं, आणि होतंही चोरीचंच. पण त्यांची खरी तक्रार निराळी. "पैसे टाकले आणि हातात काय आलं?" ते विचारायचे. "डबी नाही, कागद नाही, गाणारीचं नाव नाही. उद्या वीज गेली की तुझं गाणं गेलं!" दादा हसून म्हणायचा, "बाबा, गाणं ऐकायचं असतं, अलमारीत ठेवायचं नसतं." असं बोलायला त्याला विशी उलटावी लागली. तरी म्हणाला की चार दिवस घर तंग असायचं. आई त्याच्या ताटात भाजी जास्त वाढायची आणि डोळ्यांनी म्हणायची, नको रे बाबा.

पण दादाच्या मनात काय होतं ते फक्त मला ठाऊक होतं. बाबांची रिटायरमेंट वर्षावर आली होती. जुन्या फिती झिजत चालल्या होत्या, काहींना पांढरी बुरशी धरली होती, आणि दादाने ठरवलं होतं की अलमारीतल्या सगळ्याच्या सगळ्या कॅसेटी, अडीचशेच्या वर होत्या, कॉम्प्युटरमध्ये उतरवायच्या आणि रिटायरमेंटच्या दिवशी बाबांना द्यायच्या. इतका मार खाल्लेला पोरगा, आणि हे त्याचे मनातले मांडे! मी म्हटलं, "दादा, तू वेडा आहेस." तो म्हणाला, "शुभे, एकदा तरी ते माझ्याकडे बघून हसतील का नाही, तेवढं बघायचंय."

बाबांची पहिली पाळी सकाळी सहाला सुरू व्हायची, ते दोनला घरी. दादाचं दुकान बाराला. मधल्या वेळात आमचं काम चाले. आमच्या टेपला वायर जोडायची सोयच नव्हती, म्हणून दादाने एक स्वस्तातला माइक आणला, तो पितळी तांब्याला रुमालाने बांधला आणि तांब्या टेपच्या जाळीसमोर मांडला. गाणं हवेतून माइकमध्ये, माइकमधून कॉम्प्युटरमध्ये. एक बाजू अर्धा तास चालायची तर अर्धा तास घराने गप्प राहायचं. आई कुकर लावायची थांबायची, पण किती थांबणार? मग भैरवीत शिट्टी यायची. अभंगात "भाजी ले लो, ताजी गिलकी" यायचं. दादा कपाळावर हात मारायचा आणि मी पदर तोंडात कोंबून हसायची. ओढणी असायची खरं म्हणजे, पदर आता लिहिताना आला. बाजू संपली की मी कॅसेट उलटायची, आणि काम झालं की नंबर बघून जिथल्या तिथे ठेवायची. पाच-सहा महिने हे चाललं. आमच्या घरातले तेवढे महिने सुखाचे होते असं मी म्हणेन, आणि ते सुख सगळं बाबांच्या पाठीमागचं होतं.

त्या दिवशी एकशे सत्त्याऐंशी नंबर लावली होती. बी बाजू, दुसरं गाणं, एका बाईंची ठुमरी. आई पोह्यांवर सेव घालत होती. दहाचा सुमार. कारखान्याच्या गेटवर युनियनच्या दोन गटांत सळया चालल्या होत्या, काम बंद पडलं होतं, आणि सुपरवायझर म्हणून मधे गेलेल्या बाबांना पोरांनी ढकलून पाडलं होतं. हे आम्हाला नंतर कळलं. आम्हाला दिसलं ते एवढंच, की कडी वाजली आणि शर्टाची बाही फाटलेले, कोपराला रक्त आलेले बाबा दारात उभे. खोलीभर त्यांच्या कॅसेटी पसरलेल्या. उघड्या डब्या. तांब्याला बांधलेला माइक.

तरीही निभावलं असतं. मी आजही शपथेवर सांगते, दादाने त्या क्षणी काहीतरी थाप मारली असती तर चार शिव्यांवर निभावलं असतं. पण त्याला वाटलं, आता लपवायचं कशाला! त्याचा चेहरा असा फुलला होता. "बाबा, तुमची सगळी लायब्ररी ह्याच्यात आली," तो कॉम्प्युटरवर हात ठेवून म्हणाला. "थोड्याच राहिल्यात. मग ही अलमारी रिकामी. कॅसेटी कबाड्याला दिल्या तरी चालतील!"

बाबांनी चष्मा काढला.

पहिलाच हात बसला तो कानशिलावर. सपाट, पूर्ण ताकदीचा. आवाज असा आला की मला वाटलं बाहेर टायर फुटला. दादा भिंतीवर आदळला, भिंतीवरून खाली आला, आणि बाबांनी त्याला कॉलर धरून उठवून परत मारलं. "कबाड्याला? कबाड्याला देतोस? तुझ्या बापाला दे कबाड्याला!" लाथ मारली, कॉम्प्युटरची खुर्ची उचलून पाठीत घातली. गेटवर ज्यांना मारता आलं नव्हतं त्या सगळ्यांचं दादाला मिळत होतं. आई स्वयंपाकघरातून आली. तिच्या हाताला सेव चिकटलेली. ती सरळ टेपकडे गेली आणि तिने आवाज वाढवला. ठुमरी खोलीत मावेना. दादा "आई गं" म्हणाला, मग नुसता "आ, आ" करायला लागला, आणि त्याच्या डाव्या कानातून रक्ताची बारीक रेघ मानेवर उतरली. मी कुठे होते? मी अलमारीला टेकून उभी होते, हातात एकशे सत्त्याऐंशी नंबरची रिकामी डबी घट्ट धरून. एकोणीस वर्षांची घोडी. पाय हलले नाहीत, तोंड उघडलं नाही. बाबा दमले तेव्हा थांबले. मग खाली बसून एकेक कॅसेट पुसून डबीत घालायला लागले.

देवासला डॉक्टरकडे नेलं तर बभ्रा होईल म्हणून आई दादाला आणि मला घेऊन दुपारच्या बसने धारला निघाली. इंदूरला बस बदलताना दादाला ओकारी झाली. माधवमामा, आईचा भाऊ, धारला संस्कृतचा मास्तर, संस्थानच्या जुन्या चाकरमान्यांच्या घरातला. बोलणं सगळं पोथीतलं. त्याने डॉक्टर गाठला. आईने डॉक्टरला सांगितलं, "स्कूटर से गिर गया." पडदा फाटला होता, तो कान पुन्हा कामाचा झाला नाही. रात्री वरणभात वाढता वाढता मामाने मला बाजूला घेतलं. "शुभे, खरे काय ते सांग हो. भ्यावयाचे कारण नाही. मी आहे." खरंच होता तो. सांगितलं असतं तर त्याने दादासाठी बाबांच्या दारात उभं राहून जाब विचारला असता. मी आईकडे पाहिलं आणि म्हटलं, "स्कूटर घसरली, मामा."

दादा धारहूनच पुण्याला गेला. देवासच्या घरात त्याने पुन्हा पाऊल टाकलं नाही, आईच्या वेळीही स्मशानातून परस्पर गेला. निघताना मामाच्या ओट्यावर मला एवढंच म्हणाला, "कॉम्प्युटरमधलं सगळं सीडीत भरून ठेव. एवढी मेहनत केलीय." मी ठेवलं. अकरा सीडी झाल्या. भरताना काय काय उतरलंय ते तपासत होते, आणि एकशे सत्त्याऐंशीपाशी आले. माइक बंद करायचं त्या दिवशी कुणालाच सुचलं नव्हतं. सगळं होतं त्यात. कडी, दादाचं ते आनंदाचं बोलणं, तो फाटकन आवाज, मोठी झालेली ठुमरी आणि ठुमरीच्या वरून बाबा. माझा आवाज मात्र त्यात कुठेच नाही. कितीही वेळा ऐका.

ती फाइल मी पुसली नाही, कुणाला ऐकवली नाही. सीडीवरून पेनड्राइव्हवर, तिथून चिपमध्ये, चिपमधून ह्या मोबाइलमध्ये, असं वीस वर्षं तिला काखेत घेऊन फिरले. बाबा ह्या वीस वर्षांत कुणी दादाच्या कानाचं विचारलं की सांगत, "स्कूटरवरून पडला. हेल्मेट घाल म्हणून सांगून सांगून थकलो." आणि मी चहा गाळत असायची, खिशातल्या फोनमध्ये पुरावा, आणि गप्प.

मी तोवर धारलाच राहायला आले होते, आई गेल्यावर बाबांनाही माझ्याकडे आणलं. कॅसेटी आल्या, अलमारी आली, पण टेपचा पट्टा तुटला आणि तो बसवून देणारा माणूस धारला उरला नाही, इंदूरलाही नाही. दादाला हे कळलं तेव्हा त्याने, कमाल आहे ह्या माणसाची, पुण्याहून बाबांच्या आवडीचे अल्बम रीतसर विकत घेतले, डाउनलोड म्हणतात तसे, चोरीचे नव्हेत, आणि मला पाठवले. मी बाबांना ऐकवले. स्वच्छ, काचेसारखं गाणं. बाबांनी दोन मिनिटं ऐकलं आणि मान हलवली. "ही आपली नाहीत. ह्यात काहीच येत नाही मधे." मग म्हणाले, "आपली नाहीत का गं कुठे? त्याने भरली होती ना त्या डब्यात?" भरली होती हे त्यांना आठवत होतं! म्हणून मी आमच्या घरातली गाणी लावायला लागले. कुकरची शिट्टी आली की ते हसत, "तुझ्या आईची घाई." ऐंशीला टेकलेला माणूस, पण डोकं लख्ख. कुठलाही नंबर विचारा, तबल्यावर कोण ते सांगत.

परवा दुपारी जेवणं झाली, आणि ते म्हणाले, "एकशे सत्त्याऐंशी लाव. बी बाजू. बाईंची ठुमरी." लावू नको असं एक मन म्हणत होतं. दुसरं म्हणालं, शुभे, अलमारीला टेकून किती वर्षं उभी राहणार आहेस? मी लावली.

ते डोळे मिटून ऐकत होते, बोटाने गुडघ्यावर ठेका. कडी वाजली. दादा बोलला. मग तो आवाज आला, आणि ठुमरी मोठी झाली, आणि ओरडणं सुरू झालं. बाबांचं बोट थांबलं. कपाळाला आठ्या पडल्या. "कोण गं हा?" ते म्हणाले. "कुणाचा आवाज आहे?" फोनमधून दादा "आई गं" म्हणाला. बाबा खुर्चीत पुढे सरकले, त्यांनी दोन्ही हातांनी दांडे धरले. "अरे, मारून टाकेल तो त्या पोराला! कोणी आहे का नाही तिथे? शुभा, बघत काय बसलीस? जा, सोडव त्याला!"

मी उठले. मूर्खासारखी खरंच उठले, दाराकडे दोन पावलं गेले. वीस वर्षं उशिराने पाय हलले माझे. मग वळले आणि म्हटलं, "बाबा, तो आवाज तुमचा आहे. आणि तो आपला विजू आहे."

गाणं संपेपर्यंत ते हलले नाहीत. फितीच्या शेवटी बटण उडाल्याचा खट्ट आवाजसुद्धा आहे त्यात, तोही त्यांनी ऐकला. मला वाटलं, आता म्हणतील हे खोटं आहे, कॉम्प्युटरवर काहीही करता येतं. मी तयारीत होते भांडायला. त्यांनी उजवा हात दांड्यावरून उचलला. तळहात स्वतःकडे वळवून पाहिला. मग समोर कुणी उभं असावं तसा तो हवेत, खांद्याच्या उंचीवर, हळूच नेऊन थांबवला.

"म्हणजे डावा," ते म्हणाले. "डावा कान ना त्याचा?"

"हो बाबा," मी म्हटलं. "डावा."